अंकुर आणि वास्ता

सहावीच्या वर्गात उर्दूच्या तासाला एकदा 'वास्ते' हा शब्द आला. 'के वास्ते' म्हणजे 'साठी', असे मी फळ्यावर लिहिले आणि मुलांना वाक्यात उपयोग करायला सांगितला. बहुतेकांनी वतनच्या वास्ते जान देण्याची ठरीव वाक्ये लिहिली. मूल-सावलीकडच्या एका खेड्यातून येणाऱ्या मुलीने मात्र लिहिले, 'अम्मी हमारे वास्ते वास्ते लाई.' शहरातली मुले हसली. तिने एकच शब्द चुकून दोनदा लिहिला, असे त्यांना वाटले. जंगलाकडची चार-पाच मुले हसली नाहीत. ती मुलगी उभी राहून मला समजावू लागली, 'आपा, वो बांबू के रहते ना, सब्जी के.'

खरे सांगायचे तर क्षणभर मलाही ती चूकच वाटली होती. लाल पेन वहीवर टेकले होते. माझ्या स्वतःच्या घरी दर पावसाळ्यात ही भाजी होते, पण उर्दूच्या वहीत तो शब्द दिसेल अशी अपेक्षाच नव्हती. त्या दिवसापासून कोंबासाठी आपण कोणते शब्द वापरतो, कोठे वापरतो आणि आपल्या लेखनात त्यांतला कोणता येतो, याकडे मी लक्ष देऊ लागले. हा लेख त्यातून झाला आहे.

कोकणातल्या, सोलापूरकडच्या किंवा मराठवाड्यातल्या वाचकांसाठी आधी थोडा खुलासा केला पाहिजे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात बांबूच्या जमिनीतून नुकत्याच वर आलेल्या कोंबाला 'वास्ता' म्हणतात. अनेकवचन 'वास्ते'. पाऊस पडून रांजी, म्हणजे बांबूचे बेट, ओली झाली की ते निघू लागतात. त्यांची वरची सालपटे काढून आतला कोवळा गाभा बारीक चिरतात, उकळतात, पाणी फेकून देतात आणि मग भाजी करतात. हे पाणी फेकणे महत्त्वाचे आहे. कच्चा वास्ता कडू असतो आणि त्यात विषारी सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. ते उकळल्याशिवाय जात नाही. उर्दूतला 'वास्ता' अरबी 'वासिता'वरून आला. त्याचा अर्थ मध्यस्थ, दुवा, संबंध. बांबूच्या वास्त्याशी त्याचे काही नाते नाही. उच्चार मात्र एकच, आणि आमच्या मुलांच्या तोंडी दोन्ही शब्द एकाच दिवशी येतात.

कोंबाच्या शब्दांची मराठीत वाण नाही. अंकुर, कोंब, मोड, फुटवा, धुमारा, पालवी, डोळा. त्यांच्यातले फरक मात्र मोठे आहेत. 'अंकुर' संस्कृतातून जसाच्या तसा आला, त्यामुळे तो भाषणात, कवितेत आणि संस्थांच्या पाट्यांवर राहतो. 'मोड' स्वयंपाकघरातला. रमजानमध्ये इफ्तारीच्या घुगरीसाठी चणे भिजत घातले आणि एखादा दिवस राहून गेले की त्यांना मोड येतात, अंकुर येत नाहीत. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना या शब्दाची मोठी गंमत वाटते. त्यांच्या कानाला 'मोड' म्हणजे रस्त्याचे वळण. शिवाय मराठीत लग्नही मोडते आणि शंभराच्या नोटेची मोडही मिळते. एका मुलाने मला विचारले होते की मटकी मोडली तर ती खायची कशी. 'डोळा' उसाला, बटाट्याला, हळदीला असतो आणि तो फुटतो. उर्दूतला 'अंखुवा' ऐकला की मला हा डोळाच आठवतो. 'कोंब' आले-हळदीला, बांबूला, ताडाला येतो. तोच शब्द वैद्याकडे गेला की मूळव्याधीचा कोंब होतो, आणि त्यावर अजून कोणी कविता केल्याचे माझ्या वाचनात नाही.

धानाच्या पट्ट्यात, नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरीकडे, रोपांना 'पऱ्हे' म्हणतात. रोवणी झाल्यावर शेतकरी 'फुटवा' बघतो. फुटवा कोणी कौतुकाने बघत नाही, मोजतो. एका चुडाला किती फुटवे आले यावर वर्षाचे धान ठरते. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या शेतातल्या 'पटेल ३' धानात काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्यांचे बी वेगळे राखले, वेगळे पेरले, आणि त्यातून 'एचएमटी' हा वाण आला. ३ जून २०१८ रोजी ते वारले. त्यांनी शोधलेला तांदूळ देशभर गेला आणि ते स्वतः शेवटपर्यंत ओढग्रस्तीतच राहिले. अंकुर या शब्दाभोवती जो कोवळेपणा आपण जमा करून ठेवला आहे, त्यातले या माणसाच्या गोष्टीत काही नाही. तिच्यात नजर आहे, मोजदाद आहे, आणि बियाण्यावर नाव कोणाचे लागणार हा प्रश्न आहे.

आता आपल्या लेखनाकडे येते. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले तेव्हा माझी पिढी अगदी लहान होती किंवा जन्मायची होती. आम्ही वाचू लागलो ते त्यानंतरच्या स्मरणिका, वार्षिके, कवितासंग्रह. त्यांतल्या कवितांचा एक फार मोठा भाग दंगलीवरचा आहे, आणि तो असणारच. १९९२-९३ ची मुंबई आणि २००२ चे गुजरात या दोन घटनांनी आपल्या कवितेला जे दिले ते दुसऱ्या कशाने दिलेले नाही. माझी तक्रार विषयाबद्दल नाही, या कवितांच्या शेवटाबद्दल आहे. तीन कडव्यांत धूर, बंद दारे, ओळखीच्या शेजाऱ्याचा अनोळखी चेहरा येतो आणि चौथ्या कडव्यात राखेतून अंकुर फुटतो. कधी तो भाईचाऱ्याचा असतो, कधी नव्या पहाटेचा, कधी नुसताच हिरवा. पण तो येतोच. अशा कविता मी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी निवडल्या आहेत, मुलांकडून पाठ करून घेतल्या आहेत आणि स्वतः लिहिल्याही आहेत.

राखेतून काही उगवत नाही, असे मी म्हणत नाही. कोकणातल्या वाचकांना राब ठाऊक आहे. तिथे भाताची रोपे करण्याआधी पालापाचोळा, शेण, कवळ जमिनीवर पसरून भाजतात आणि त्या राखेत बी पेरतात. पण राब भाजणारा आपल्याच जमिनीवर, आपल्याच हाताने, पेरायचे ठरवूनच भाजतो. आपल्या कवितेतल्या राखेत बी कोणी टाकले? जळलेले घर ज्याचे होते तो तर छावणीत आहे. कवितेत पेरणारा नाही, पाणी घालणारा नाही, जमिनीचा सातबाराही नाही. अंकुर आपोआप येतो, कारण कवितेला शेवट हवा असतो.

तो का हवा असतो, याचाही विचार झाला पाहिजे. मला वाटते, तो आपण स्वतःसाठी कमी आणि ऐकणाऱ्यासाठी जास्त लिहितो. मुसलमान कवी व्यासपीठावर उभा राहिला की त्याने दुःख सांगावे आणि मग धीरही द्यावा, अशी एक अपेक्षा सभागृहात असते. आपण रागावलेलो आहोत असे कोणाला वाटू नये, आपल्याला या मातीविषयी अजून माया आहे हे कोणी विचारण्याआधीच सांगून टाकावे, यासाठी तो अंकुर असतो. स्पर्धेचे परीक्षक 'आशावादी शेवट' म्हणून त्याला गुण देतात. हिंदू कवीच्या कवितेचा शेवट काळोखात झाला तर ती प्रामाणिक ठरते. आपल्या कवितेचा तसा झाला तर 'कटुता' हा शब्द येतो. ही कटुता टाळण्यासाठी आपण कोंब न शिजवताच गोड करून वाढतो.

आमच्या भागात कापल्यानंतर फुटणारी पालवी दर वर्षी दिसते. उन्हाळ्याच्या तोंडावर तेंदूची झुडपे जमिनीलगत छाटतात. इकडे त्याला बेलकटाई म्हणतात. छाटल्यावर दीडेक महिन्यात नवी फूट येते, तिची पाने मऊ, तांबूस, निर्दोष असतात. एप्रिल-मेमध्ये ती तोडतात, सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतात, फळीवर वाळवतात, आणि ती पोत्यांत भरून बिडीच्या गावांना जातात. कामठी, निजामाबादसारख्या ठिकाणी आपल्या कितीतरी घरांतल्या बायका-मुलींनी सुपात हीच पाने कातरली आहेत. छाटल्यावर पालवी येते हे खरेच आहे, पण पालवी यावी म्हणूनच छाटतात. जुने पान जाड होते, बिडीला चालत नाही. ठेकेदाराला कोवळे हवे असते. हे ज्याने पाहिले आहे त्याने 'छाटले तरी पुन्हा फुटू' अशी ओळ लिहिताना थांबायला हवे. कोणाला आपले पुन्हा पुन्हा फुटणे सोयीचे आहे, हा प्रश्न त्या ओळीत शिरला असता तर ती कविता वेगळी झाली असती. मी तो प्रश्न कोणत्याही कवितेत पाहिलेला नाही.

वास्त्याचेही असेच आहे. लहान, नाजूक अंकुर हळूहळू मोठा वृक्ष होतो, या चित्रावर आपल्या निम्म्या उपमा उभ्या आहेत. बांबू त्या चित्रात बसत नाही. वास्ता जमिनीतून निघतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते. नंतर तो उंच होतो, एका पावसाळ्यातच पूर्ण उंच होतो, पुढे टणक होत जातो, पण जाड होत नाही. जे काही व्हायचे ते वर येण्याआधी जमिनीखालच्या गड्ड्यात झालेले असते. म्हणून रांजीतल्या जुन्या बांबूंची हेळसांड झाली की पुढचे वास्ते बारीक निघतात. शाळेत शिकवणाऱ्या माझ्यासारखीला हे फार लागते. आपण मुलांना 'नौनिहाल' म्हणतो. फारसीत 'निहाल' म्हणजे रोपटे, तेव्हा नौनिहाल म्हणजे नवे रोपटे. भाषणांत त्यांना देशाचे अंकुरही म्हणतो. मूल पहिलीत येते तेव्हा घरातले अन्न, आईचे शिक्षण, घरात कोणती भाषा किती बोलली गेली, हे सारे आधीच होऊन गेलेले असते. त्या मुलाकडे बघताना मला अंकुरापेक्षा वास्ता आठवतो.

आणि वास्त्यामागे कायदाही आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातला. वनस्पतिशास्त्राप्रमाणे तो गवत आहे, पण कागदावर झाड झाला आणि गावकऱ्याच्या हातून गेला. या जंगलांतला बांबू वर्षानुवर्षे बल्लारपूरच्या कागद गिरणीत जात राहिला, आणि ज्यांच्या दारात तो वाढला त्यांना मांडव-कुंपणासाठी चार काड्या आणायच्या तर परवानगी लागे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात आणले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी तिथे येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. २०१७ मध्ये मूळ कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतूनही बांबू वगळला गेला. एका शब्दाची व्याख्या बदलायला नव्वद वर्षे लागली. शब्दांचे अर्थ हा नुसता कोशकारांचा विषय आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हा इतिहास जरूर पाहावा. वास्ते तोडू नयेत, एक वास्ता तोडला म्हणजे एक बांबू गेला, असे वनखाते सांगते, आणि हिशेब म्हणून ते बरोबरही आहे. पावसाळ्यात घरात भाजी नसलेल्या बाईचा हिशेब वेगळा असतो, तोही चूक नाही. एवढा ताण ज्या शब्दात आहे तो आपल्या कवितेत कधी आलेला नाही. बल्लारपूरच्या कागदावर अंकुराच्या कविता मात्र खूप छापल्या गेल्या असतील.

एवढे वाचून मी 'अंकुर' शब्दावरच रागावले आहे असे वाटू शकेल. तसे नाही. गडचिरोलीतच तो शब्द फार मोलाने वापरला गेला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच स्त्रियांना त्यासाठी शिकवून तयार केले. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचा त्यांचा लेख १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. पुढे हीच पद्धत महाराष्ट्रात आणखी सात ठिकाणी राबवली गेली, त्या प्रकल्पाचे नाव 'अंकुर'. आणि २००१ मध्ये राज्यातल्या बालमृत्यूंवर जो अहवाल आला त्याचे नाव होते 'कोवळी पानगळ'. समीक्षक म्हणून मला ही दोन नावे शेजारी ठेवून बघावीशी वाटतात. 'कोवळी पानगळ' हे दोनच शब्द आहेत आणि त्यांत विसंगती आहे, पानगळ कोवळी नसते. ती विसंगती हाच अहवालाचा आरोप. तो मोजून केलेला आरोप असल्यामुळे नंतर आलेला 'अंकुर' हा शब्द पोकळ वाटत नाही. आधी मेलेली मुले मोजली, मग अंकुर म्हटले. आपल्या कवितेत मोजण्याची पायरी गळते.

श्याम बेनेगल यांचा 'अंकुर' हा १९७४ चा चित्रपटही येथे आठवतो. तेलंगणातले खेडे, जमीनदाराचा मुलगा, त्याच्या घरी राबणारी लक्ष्मी. शबाना आझमी यांचा हा पहिला प्रदर्शित चित्रपट. त्यातली दखनी बोली गोदावरी-प्राणहितेच्या काठच्या आपल्या लोकांना परकी वाटणार नाही. शेवटी जमीनदाराच्या घराच्या काचेवर एक लहान मुलगा दगड मारतो आणि पळून जातो. बेनेगलांचा अंकुर तो दगड आहे. तो कोणाला धीर देण्यासाठी फुटलेला नाही.

आपल्यातले काही जण म्हणतील, उमेद हा आपल्या दीनचाच भाग आहे, नाउमेद होणे आपल्याला शोभत नाही. मान्य आहे. पण कुरआनात कोंबाची जी उपमा आहे ती नीट पाहावी. सूरह अल-फतहच्या शेवटच्या आयतीत नबी (स.) यांच्या सोबत्यांना पिकाची उपमा दिली आहे. त्या पिकाला आधी कोंब फुटतो, मग तो बळकट होतो, मग जाड होतो, मग आपल्या देठावर सरळ उभा राहतो, आणि पेरणाऱ्यांना त्याचा आनंद होतो. कोंब ही तिथे फक्त पहिली पायरी आहे, आणि पेरणारे त्या आयतीत हजर आहेत. आपली कविता पहिल्या पायरीवरच आमीन म्हणते.

हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेली ती प्रसिद्ध हदीसही अशीच. कयामत येऊन ठेपली आणि कोणाच्या हातात रोप असेल, तर शक्य असल्यास त्याने ते लावावे, असा तिचा आशय. मराठीत आपण 'रोप' म्हणतो, मीही आत्ता तेच लिहिले. मूळ अरबी शब्द 'फसीला' आहे. फसीला म्हणजे खजुरीच्या बुंध्याशी फुटलेला, आईच्या झाडापासून कापून वेगळा केलेला फुटवा. केळीचा मुनवा असतो तसा. रोप म्हटले की बी डोळ्यांपुढे येते, फसीला म्हटले की जुने झाड, कापण्याची जागा आणि ज्या हाताने कापले तो हात दिसतो. शिवाय बियापासून आलेली खजूर नर निघेल की मादी याचा भरवसा नसतो, फसीला मात्र ज्या झाडाचा त्याच जातीचा होतो. अरबस्तानातल्या शेतकऱ्याला हे माहीत होते. 'रोप' या शब्दात त्याचे हे सारे ज्ञान गळून जाते. आपल्या भाषांतरांत अशा किती गोष्टी गळल्या असतील याची एखाद्या अभ्यासू मित्राने यादी करावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

आता या विचाराची एक वाकडी वाटही आहे. बोलीतला शब्द घातला की लेखन आपोआप अस्सल होते, असा समज गेल्या काही वर्षांत पसरला आहे. झाडीबोलीसाठी डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य घातले, कोश केला, संमेलने उभी केली. त्या कामाचा फायदा घेऊन कोणी कवितेत पऱ्हे, रांजी, वास्ते अशी नुसती पेरणी करील तर तीही एक सजावटच होईल. 'अंकुर' जसा ठराविक झाला तसा 'वास्ता'ही पाच वर्षांत होईल. शब्द कडू आहे, त्याला उकळावे लागते, त्यामागे परवाना आहे आणि तो फक्त पावसाळ्यात मिळतो, एवढे लिहिणाऱ्याला माहीत असले तरच तो वापरण्यात अर्थ आहे. नाहीतर मग अंकुरच बरा.

आपली आणखी एक अडचण आहे. आमच्या मुलांची उर्दू पुस्तकातली, मराठी 'सुलभभारती'तली आणि घरची बोली तिसरीच. ती तिसरी बोली लिहायची कोठे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. उर्दूच्या शिक्षकाला ती मराठी वाटते, मराठीच्या शिक्षकाला ती मुसलमानी वाटते. वास्ते हा शब्द या दोन्ही वह्यांच्या मधल्या जागेत पडलेला होता. त्या मुलीने तो उचलून उर्दूच्या वहीत ठेवला, तेही व्याकरणाची एक चूक न करता.

त्या वाक्याला मी पूर्ण गुण दिले. नंतर मी तिला विचारले, अम्मी वास्ते कुठून आणते? ती म्हणाली, 'पहले जंगल से लाती थी आपा, अब बाजार से. जंगल में अब शेर का डर है.' ताडोबाच्या भोवतालच्या गावांत गेल्या काही वर्षांत वाघाने किती माणसे नेली हे इकडे सगळ्यांना माहीत आहे, तिने ते सहज सांगितले.

त्याच आठवड्यात मी माझी एक जुनी दंगलीवरची कविता काढली. चार कडव्यांची होती. शेवटचे कडवे खोडले. आता ती तीन कडव्यांची आहे आणि बंद दारापाशी संपते. संपादकांनी या अंकासाठी कविता मागितली होती, तिच्याऐवजी हा लेख पाठवते आहे.